तिठ्यावरचा दहीभात

सकाळी रंगूबाई तिठ्यावर गेली, तर पत्रावळीवर दहीभाताचं शीतसुद्धा उरलं नव्हतं.

आदल्या सांजेला तो उतारा तिनंच ठेवला होता. सिद्धूला गोवर आलेला. अंगभर तांबडं पुरळ, डोळ्यांतून पाणी. मालक पलटणीबरोबर नेफात, पार चीनच्या सरहद्दीवर; घरात दुसरं मोठं माणूस नाही. तिनं भात पोराच्या ओठांना लावला, अंगावरून ओवाळला आणि महाबळेश्वरच्या बाजारामागच्या तिठ्यावर ठेवून मागं न बघता घरी आली. उतारा जो खाईल त्याच्या अंगात दुखणं जातं, हे तिला पक्कं ठाऊक. कुत्र्यानं खावा, कावळ्यानं खावा, तिचं काही म्हणणं नव्हतं.

सिद्धू खरंच उठला, खेळायला लागला. आणि रंगूबाईच्या जिवाला नवाच घोर लागला.

तिठ्याला लागून साळूबाईचं घर. तिची बनी नवससायासांनी झालेली, तीही केस पिकायला लागल्यावर. पोर दिवसभर तिठ्यावर खेळायची आणि दिसेल ते तोंडात घालायची. भात बनीनं तर खाल्ला नसेल?

मग काय, रोज काहीतरी निमित्त काढून रंगूबाई साळूबाईच्या दारात. कधी विस्तव, कधी विरजण.

"बनी बरी हाय न्हवं?"

"तिला काय धाड भरलीया? उलट लय जेवाय लागलीया बघ. भाकरी घिऊन परसात जाती आन ताट चाटूनपुसून आनती. आदी एका घासासाठी गल्लीभर पळवायची मला."

जेवतेय म्हणजे पोर धडधाकट. तेवढ्यापुरतं रंगूबाईला बरं वाटे. अंथरुणाला पाठ टेकली की पुन्हा ती रिकामी पत्रावळ डोळ्यांसमोर.

एका दुपारी शेजारच्या पत्र्यावर माकडीण दिसली. पोटाशी पिल्लू. एरवी पत्रे खिळखिळे करणारं ते कार्टं आज मलूल पडलेलं. नाक गळत होतं, डोळे चिकटलेले, आणि तोंडावर अगदी सिद्धूसारखं तांबडं पुरळ.

"अगं बया, तुमी खाल्ला व्हय?"

रंगूबाई उंबऱ्यावरच बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता रडली. मुक्या जिवाची दया आली तिला, नाही असं नाही. पण बनी सुटली होती. तिनं मूठभर शेंगदाणे पत्र्यावर फेकले, सिद्धूचा मुका घेतला आणि डब्यातला राखून ठेवलेला रवा काढून शिरा केला.

शिऱ्याची वाटी बघून साळूबाई म्हणाली, "का गं, मालक येनार हाईत वाटतं?"

"तसंच समजा. पयला घास बनीला. कुटं हाय ती?"

"परसात. जेवतीया."

रंगूबाई वाटी घेऊन मागच्या दाराशी गेली. पायरीवर बनी बसली होती आणि तिच्यासमोर चिकटल्या डोळ्यांचं तेच पिल्लू. बनीनं भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरला. त्यानं अर्धा चावला. उरलेला अर्धा तिनं रोजच्यासारखा आपल्या तोंडात टाकला.