बदलायचं पान

बाबांच्या तेरवीनंतर मी ऑफिसात गेले तेव्हा सरांनी खापा गावच्या गटारलाइनचं एस्टिमेट माझ्यापुढे ठेवलं. ते मीच बनवलं होतं. त्याच कामावर सुपरवायझर असलेले बाबा खड्ड्याची भिंत ढासळून गेले. “उद्या चौकशीवाले येऊन राहिले. खड्ड्याला लाकडी आधार द्यायचं कलम यात टाक, बेटा. एकच पान बदलायचं आहे.” ते कलम मी लिहिलं होतं, खर्च कमी दिसावा म्हणून सरांनी काढायला लावलं. “आता टाकलं तर दोष बाबांवर जाईल. लाकडं मंजूर होती, त्यांनीच लावली नाहीत, असं होईल.” “त्यांचं आता काय बिघडते वं? तुझी नोकरी तर वाचते.” मी कोरा कागद ओढला. सर चहा सांगायला गेले. मी लिहिलं: ‘सरांच्या सांगण्यावरून कलम मी काढलं. सुपरवायझरांनी लाकडं माझ्याकडे दोनदा मागितली होती, एकदा घरी जेवताना.’