मिस अराबेलाची पत्रं

"लिहा, बाई," ग्रिग्ज म्हणाला. "तुमचा रुबाबदार चेहरा माझ्या मनातून जात नाही, असं लिहा."

"तिनं त्यांचा चेहरा पाहिलाय कुठं?" दौतीत टाक बुडवत हॉबर्टबाईंनी विचारलं.

"मग न पाहिलेला चेहरा जात नाही म्हणून लिहा. त्या गाढवाला काय फरक पडतोय."

हॉबर्टबाईंनी लिहिलं. 'लंगडं खेचर' छावणीत सत्तर पुरुष नदीकाठी सोनं उकरत होते, आणि त्या सत्तरांना जेवू घालणाऱ्या या विधवा हॉबर्टबाई एकट्या. ग्रिग्जला लिहिता येत नव्हतं, ट्रेगोला वाचता येत नव्हतं, त्यामुळे सूड घ्यायचा तरी बाईंशिवाय मार्ग नव्हता.

सूड कशाचा, ते साऱ्या छावणीला तोंडपाठ होतं. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या नाचाला बायका कुठून आणणार? म्हणून निम्म्या पुरुषांनी दंडाला रुमाल बांधून बायका व्हायचं, अशी रीत होती. चिठ्ठ्या टाकल्या आणि रुमाल ग्रिग्जच्या वाट्याला आला. तेवढ्यावर भागलं असतं. पण जेन्किन ट्रेगोने त्याला भोवऱ्यासारखं गरगरवलं आणि वर सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून लग्नाची मागणी घातली. तेव्हापासून छातीपर्यंत दाढी असलेल्या ग्रिग्जला सगळे 'वहिनी' म्हणत होते. तो जेवायला आला की बसायला जागा करून देत होते.

ट्रेगोला लग्नाची एवढी हौस ना? मग त्याला नवरी मिळणार होती. सॅक्रामेंटोची मिस अराबेला, वय चोवीस, स्वभाव मायाळू. ती त्याला भेटायला बोलावणार, तो तिची वाट बघत शहरात बसणार, आणि इकडे त्याचा खड्डा दहा दिवस ओस पडणार. दहा दिवस कुदळ पडली नाही की खड्डा मोकळा, आधी कुदळ रोवेल त्याचा, हा छावणीचा नियम. ग्रिग्जचा स्वतःचा भरघोस खड्डा असाच त्याच्याकडे आला होता, आधीचा मालक अंथरुणाला खिळलेला असताना. नियम म्हणजे नियम, त्यावर कुणी ब्र काढला नव्हता.

ट्रेगोच्या खड्ड्यात वालाएवढा सोन्याचा खडा निघाल्याची बातमी बाईंनीच ग्रिग्जला दिली होती. जेवणाच्या तंबूत सगळं कळतं.

"पण एका माणसाला एकच खड्डा," बाईंनी आठवण करून दिली. "त्यांचा घेतलात तर तुमचा सुटेल."

"सुटू दे. मला त्याच्या खड्ड्यात उभं राहून त्याला 'या वहिनी' म्हणायचंय. तेवढ्यासाठी मी माझे दातही उपटून देईन." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "हे पार पडलं की तुमच्याशीही एक बोलायचंय."

"तेव्हा बोलू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पत्राची घडी घातली. ग्रिग्ज सुखावला. त्या त्याच्या ताटात नेहमी एक पळी जास्तच वाढत.

टपालाच्या खेचरावरून पत्र शहरात जाऊन परत आलं. ट्रेगो ते घेऊन थेट बाईंकडेच आला. शेजारच्या बाकावर ग्रिग्ज घेवडा खात होता, त्याला हसू आवरताना ठसका लागला. बाई हळू आवाजात वाचत होत्या. ट्रेगोचे कान लाल झाले होते आणि नजर कागदावर नव्हती. ज्याला वाचता येत नाही, त्यानं कागदाकडे बघून करायचं तरी काय?

अशी तीन पत्रं आली. चौथ्यात मिस अराबेलाने त्याला बोलावून घेतलं. ट्रेगोने दाढी केली, कडक इस्त्रीचा शर्ट घातला. ग्रिग्जने त्याला आपली चांगली टोपी दिली आणि पाठीवर थाप मारून निरोप दिला. इतका गोड तो जन्मात कधी वागला नव्हता.

मग तो दिवस मोजू लागला. खणता खणता ते एकच वाक्य तो पुटपुटत राही, कधी मानभावीपणे, कधी खेकसून. कुठलं जास्त झोंबेल ते ठरत नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी त्याने आपली हत्यारं उचलली आणि पंचांसमोर ट्रेगोच्या खड्ड्यात कुदळ रोवली. पंचांनी वहीत नाव लिहिलं. दुपारपर्यंत चिखल निघाला, मग दगड, मग पुन्हा चिखल. खाली असेल, असं तो स्वतःला बजावत राहिला. खरं तर त्याचे डोळे वाटेकडेच लागले होते.

दुपार कलताना खेचरं आली. ट्रेगो उतरला. बरोबर नवरी नव्हती. ग्रिग्जचं काळीज सुपाएवढं झालं.

"या वहिनी," तो खड्ड्यातून ओरडला. "नवरी कुठं सांडली?"

ट्रेगोने टोपी काढून त्याला नमस्कार केला. मागच्या खेचरावरून एक पाद्रीबुवा उतरले. दोघं ग्रिग्जच्या समोरून गेले, खड्ड्याकडे ढुंकूनही न बघता, आणि काठाने वरच्या अंगाला चालू लागले. तिथे ग्रिग्जने सकाळी सोडलेला खड्डा होता. त्या खड्ड्यात झग्याचा घोळ खोचून हॉबर्टबाई उभ्या होत्या. त्यांची कुदळ घट्ट रोवलेली होती आणि पंच वही मिटत होते.

ग्रिग्ज चिखलानं माखलेला धावत आला. ट्रेगोने हात देऊन बाईंना वर घेतलं, आणि त्या पाद्रीबुवांसमोर त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"बाई, तो माझा खड्डा आहे," ग्रिग्ज म्हणाला.

"आधी हॉबर्टचा होता," बाई म्हणाल्या. "तापात पडल्या पडल्या, मरेपर्यंत तो मला एकच विचारत होता, माझ्या खड्ड्यात कुदळीचा आवाज कुणाचा येतोय."