कपाटामागची खुर्ची

भाजी निवडता निवडता सदानंदराव उठले आणि लोखंडी कपाटामागच्या खुर्चीत जाऊन बसले. गेले काही महिने हे असंच चाललं होतं. तिथे वारा छान येतो, असं ते सांगायचे. खरं तर तिथे खिडकीच नव्हती.

आज विमलताई पाणी घेऊन मागोमाग गेल्या. सदानंदराव छाती दाबून बसले होते आणि कपाळावर घाम आला होता. मग खुर्ची तिथेच का, ते विमलताईंना उमगलं. हॉलमधला राउटर भिंतीपलीकडूनही माणसांचे श्वास आणि छातीचे ठोके टिपायचा आणि काही बिघडलं तर नाशिकला लेकीला, केतकीला कळवायचा. लोखंडामागचं मात्र त्याला कळत नसे. म्हणून लेकीच्या फोनवर रोज यायचं, घरी सगळं ठीक.

विमलताईंनी शेजारच्यांना गाडी काढायला सांगितली. मग वायर पुरेल तितकी ओढून राउटर कपाटाच्या कडेला स्टुलावर आणून ठेवला.

"नको गं," सदानंदराव म्हणाले. "केतकी आपल्याला नाशिकला नेऊन ठेवेल. हे घर सुटेल."

"सुटू दे. मला इथे एकटीने राहायचं नाहीये."

राउटरचा हिरवा दिवा तांबडा झाला. लगेच फोन वाजला.

"आई, बाबांना अचानक काय झालं?"

"अचानक नाही गं," विमलताई म्हणाल्या. "आम्ही दवाखान्यात निघालोय, तूही ये. बाबा कपाटामागे लपले होते, आत्ता सापडले."