औशाच्या भिंतीवरचा पिवळा

लेख दुसऱ्यांदा परत आला तेव्हा रेणुकादास मास्तरांनी आधी त्याची शिवण उसवली.

"ह्याही खेपेला उजवीकडून टाचलंय," इंदूबाई म्हणाल्या. "तुमच्या पुण्याच्या संपादकांना डावं-उजवं कळत नाही का हो?"

"वाचताना कागद सुटे करत असतील. टाचायचं काम शिपायाचं," मास्तर म्हणाले आणि चिठ्ठी शोधू लागले.

पाकीट त्यांचंच होतं. परतीचं पाकीट स्वतःचा पत्ता घालून, तिकीट लावून सोबत जोडायचं असा त्या त्रैमासिकाचा नियम होता, म्हणून मास्तरांनी निजामाचं तिकीट चिकटवून ते धाडलं होतं. बाकीचे नियमही कडक होते. लेख आजच्या चित्रकलेवर हवा, कागदाच्या एकाच बाजूला हवा, सोबत फोटो हवा. आणि परीक्षक कोण, हे लेखकाला कधीच कळवलं जाणार नाही.

लेख होता औशाच्या एका भिंतीवर. अडत बाजारात श्रीमंतअप्पांचं गोदाम होतं, त्याची लांबलचक भिंत दगडोबानं रंगवली होती. दगडोबा पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा, एरवी दुकानांच्या पाट्या. भिंतीवर त्यानं ना देव काढला ना राजा. समोरचा बाजारच काढला. ज्वारीचे पिवळे ढीग, पिवळी पोती पाठीवर घेतलेले काळे हमाल, धुरळा उडवत आलेली मोटार. आता त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दुसरी भिंत होणार नव्हती.

आणि श्रीमंतअप्पा पाडव्याला तिच्यावर चुना मारणार होते.

"हमालाचं चित्र कुणी गोदामावर ठेवतंय का, मास्तर? गिऱ्हाईक हासून राह्यलंय," ते म्हणाले होते. "एखाद्या किताबात छापून दाखवा. मग बोट लावणार न्हाई. जबान देतो."

म्हणून हा खटाटोप.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या बऱ्याच आधी लेख पहिल्यांदा धाडला, तेव्हा परत येताना तांबड्या अक्षरांतली चिठ्ठी होती : "स्तुती फार झाली. भिंतीवर काय आहे ते लहान मुलाला सांगावं तसं सांगा."

मास्तरांना राग आला नाही. त्यांनी लेख वर्गात नेला आणि पोरांना वाचून दाखवला.

"मास्तर, हमाल हासून राह्यलेत का रडून?" रत्नम्मानं विचारलं.

हे लेखात कुठंच नव्हतं. मास्तरांनी पोरीला शाबासकी दिली, घरी आले आणि लेख पहिल्यापासून लिहिला.

आता ही दुसरी चिठ्ठी. "पिवळा रंग संध्याकाळी सोन्यासारखा झळकतो असं आपण लिहिलं आहे. भिंत मावळतीकडे तोंड करून आहे. एकदा त्या वेळी जाऊन पाहा."

"काय नजर म्हणायची!" मास्तरांनी चिठ्ठी इंदूबाईंना दाखवली. "नुसत्या फोटोतल्या सावल्यांवरून दिशा ओळखली ह्या माणसानं!"

ते औशाला गेले. दिवस कलताना दगडोबाला सोबत घेऊन भिंतीसमोर उभे राहिले. तिरपं ऊन भिंतीवर आलं, आणि पिवळा दिसेनासा झाला.

"काय दिसून राह्यलं, मास्तर?" दगडोबानं विचारलं.

"ढीग गेले, पोती गेली. हमाल तेवढे उरलेत. पाठीवर काही नाही, तरी वाकलेले."

दगडोबा बोळकं उघडून हसला. "सांजच्याला येऊन बघणारे तुमी दुसरे. एक जण आधीच येऊन गेला."

मास्तरांचं लक्ष भिंतीकडे होतं.

संक्रांत झाली तसा ते तिसऱ्यांदा लेख घेऊन लातूरच्या टपाल कचेरीत गेले. हैदराबादचं आणि हिंदुस्थानचं बिनसलं होतं, त्यामुळे राज्याबाहेर जाणारं पाकीट उघडंच द्यावं लागे. तपासणीच्या मेजापाशी गुरुबसप्पा बसायचे. फारसं न बोलणारा, उर्दूत शिकलेला माणूस.

"पुन्हा तेच, मास्तर?"

"तेच नव्हे. पुष्कळ सुधारलंय. परीक्षक मोठा जाणता मिळालाय."

"असं?" गुरुबसप्पांनी पाकिटावर तांबड्या पेन्सिलीनं फुली मारली. "खुशकिस्मत आहात. चांगल्या लेखकावर मेहनत घ्यावीशी वाटते माणसाला."

ह्या खेपेला लेख परत आला नाही. मास्तर रोज वाट पाहत आणि रोज इंदूबाईंना सांगत, "परत आला नाही म्हणजे बरंच आहे." होळी झाली. पाडवा तोंडावर आला आणि औशाहून श्रीमंतअप्पांचा निरोप आला, चुनेवाला आलाय, ताबडतोब निघा.

गोदामापाशी पिंपात चुना भिजत होता. मास्तरांनी भिंतीकडे पाहायचं टाळलं.

"या मास्तर, या!" अप्पांच्या हातात एक मासिक होतं. "आलं की हो तुमचं! लातूरच्या टपालातला माणूस देऊन गेला, सकाळधरनं दोनदा वाचलं. आपल्या भिंतीत एवढं हाय, हे मला ठावंच न्हवतं बगा. चुनेवाल्याला आतल्या खोल्या दिल्या."

सवयीप्रमाणे मास्तरांनी मासिक डावीकडून उघडलं. तिथं शेवटचं पान होतं.

त्यांनी ते उलटं फिरवून उजवीकडून उघडलं. उर्दू अक्षरं. हैदराबादचं मासिक. मधोमध भिंतीचा फोटो, वर त्यांचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात : मराठीतून तर्जुमा, म्हणजे अनुवाद.

"पण अप्पा, मी तर हे पुण्याला पाठवलं होतं."

"पुण्याला?" अप्पा हसले. "तिकडचं टपाल दिवाळीपासनं लातुरातच अडकून पडलंय, मास्तर. चिठ्ठी जाईना का येईना."

मास्तरांनी पुन्हा पानाकडे पाहिलं. फोटोशेजारच्या कोऱ्या समासात तांबड्या पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं : "पिवळा नाहीसा होत नाही, उन्हात मिसळतो. अजून दुरुस्ती हवी. आज संध्याकाळी भिंतीपाशी थांबा, दाखवतो."