कोरा नमुना

कोऱ्या नमुन्यात शिसं निघालं. पडद्यावर जिथे सपाट रेघ हवी होती, तिथे दोन टोकदार शिखरं उभी राहिली होती. तिने चष्मा पुसून पुन्हा घातला. शिखरं जागची हलली नाहीत.

“मॅडम, तुमच्या आईंनी शिसं खाल्लं की काय?” कणांना वेग देणारा त्वरक चालवणारे ऑपरेटरकाका खुर्चीतूनच हसले.

तिला हसू आलं नाही. बॅटरीच्या कारखान्यातल्या कामगारांच्या केसांत किती शिसं मुरलंय, हे मोजायचं काम आठवडाभर चाललं होतं. त्वरकातून प्रोटॉनचा झोत केसावर सोडायचा. मार बसला की केसातला प्रत्येक अणू आपापल्या जातीचा क्ष-किरण बाहेर फेकतो. शिशाच्या अणूला लोखंडाचं सोंग घेता येत नाही. तुलनेला मात्र असा केस लागतो, की ज्याच्या मालकाचा शिशाशी कधी संबंधच आला नाही. तोच कोरा नमुना. तो घरून आणायचा, ही या प्रयोगशाळेची जुनी रीत होती. कुणी बायकोचा आणी, कुणी बहिणीचा. तिने आईचा मागवला होता. आई दूरच्या लहानशा गावात एकटी राहायची. तिथे ना कारखाना, ना गाड्यांची वर्दळ. “माझ्या केसांची आता कुणाला गरज पडली बाई?” म्हणत आईने फणीत आलेले लांब केस पाकिटात घालून पाठवले होते.

कोरा नमुनाच डागाळलेला निघाला, तर कामगारांचे सगळे आकडे मातीमोल. कारखान्याचा वकील अशी एखादी फट शोधायला टपूनच बसला होता. तिने खापर फोडलं ते यंत्रावर. नमुना खोटं बोलत नाही, यंत्र बोलतं, हे ती नव्या मुलांना दरवर्षी घोकून घ्यायला लावायची. तिने झोत बंद करवला, केस ठेवायचा कक्ष उघडला, आतून स्पिरिटने पुसून काढला. केस धरणारी चौकट बदलली. चिकटपट्टी बदलली. काका मदतीला होते, पण तिच्या अशा साफसफाईपुढे त्यांनी केव्हाच हात टेकले होते. पहिल्यांदा नुसती रिकामी चौकट ठेवून झोत सोडला. रेघ सपाट. तिचा जीव भांड्यात पडला. मग आईचा दुसरा केस लावला, नीट धुऊन, सुकवून.

शिखरं परत आली. कामगारांच्या शिखरांपेक्षा उंच.

“केस रंगवतात का हो त्या?”

“नाही. पांढरेशुभ्र आहेत.”

काकांची थट्टा कुठल्या कुठे पळाली. ते हलकेच म्हणाले, “मॅडम, यंत्र स्वच्छ आहे. आईंना फोन लावा.”

तिला आईचे फोन आठवले. वर्षभर आई पोटात कळा येतात म्हणत होती. हाताला कंप सुटतो, शेजारणीचं नाव ऐन वेळी आठवत नाही, म्हणत होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आणि हिने त्यांचीच री ओढली होती. “एकटी राहून तू मनाला लावून घेतेस गं आई, जरा चार माणसांत जात जा.” असं ती म्हणाली होती, तेही कामाच्या गडबडीत, पडद्यावरची नजर न काढता. आता तोच पडदा तिच्याकडे बघत होता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तरी हात सवयीने काम करत राहिले. केस मुळाशी नवा असतो, टोकाशी जुना. तिने झोत टोकापासून सरकवत आणला. टोक स्वच्छ निघालं, मधला भागही स्वच्छ. मुळापासून बारा सेंटिमीटरवर शिसं सुरू झालं आणि मुळापर्यंत वाढतच गेलं. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे मागच्या वर्षी आईच्या घरात काहीतरी शिरलं होतं. जुने रंग, जुने नळ, वैदूची भस्मं, किंवा लुकण, म्हणजे चकचकीत लेप, दिलेली मातीची भांडी, ज्यांत आंबट ठेवलं की शिसं सुटतं. कामगारांच्या घरोघरी तिने हेच तर विचारलं होतं. ज्याने कुणी हे आईच्या घरात आणलं असेल, त्याचा गळा धरावा असा संताप तिच्या मनात उसळला.

फोन लगेच उचलला गेला.

“जेवलीस का गं?”

“आई, आधी सांग. मागच्या वर्षी घराला रंग दिलास? नळ बदलले?”

“छे! आहेत ते गळताहेत अजून.”

“कुणाचं भस्म, पुडी वगैरे घेतेस?”

“मी? मला कडू गोळीसुद्धा गिळवत नाही, ठाऊक आहे ना तुला?”

“आणि नवी मातीची भांडी? रंगवलेली, चकचकीत?”

“भांडी कसली! एकटीला किती लागतात?” आई हसली. “नवं म्हणशील तर तुझा तो निळ्या फुलांचा चकचकीत मग तेवढा. परिषदेहून आणलास ना मागच्या वर्षी? शोभेला ठेवू नकोस, रोज वापर, म्हणून बजावून गेलीस. मग रोज त्यातच लिंबू पिळून ठेवते आणि दिवसभर घोट घोट घेते. तेवढीच तुझी सोबत. आत्तासुद्धा तोच हातात आहे बघ.”