सणाचं पाणी

मंडालेतला एप्रिल, विहिरीने तळ गाठलेला. तांदूळ धुतलेलं पाणी, भांडी विसळलेलं पाणी, सगळं मी मोगऱ्याला घालत होते, तरी तो करपतच चालला होता. आणि आमचे हे? थिंजानचा सण लागल्यापासून रोज दुपारी हिवाळ्यातला जाड कोट अंगात चढवायचा आणि जुन्या राजवाड्याच्या खंदकाजवळच्या मंडपासमोर जाऊन उभं राहायचं. तिथे पोरं येणाऱ्याजाणाऱ्यावर नव्या वर्षाचं पाणी उडवतात, चांगल्या जाडजूड नळ्यांनी.

शेजारची मा खिन कुंपणावरून म्हणाली, "मावशी, काकांनी आज कमालच केली. पोरांना सांगत होते, घाला रे, अजून घाला!"

माझं डोकंच फिरलं. ते परतले तसं दारातच गाठलं.

"अहो, सत्तरी उलटली तुमची! इथे माझा मोगरा थेंबाला महाग झालाय आणि तुम्ही तिकडे पाण्यात खेळताय? आणि या उकाड्यात कोट? लोक हसतात!"

"हसू देत. तू आधी सर बाजूला, सगळं गळतंय," म्हणत ते तसेच निथळत मागच्या अंगणात गेले. मोगऱ्यापाशी उकिडवे बसले, कोट काढला आणि आळ्यात पिळला. दोन्ही बाह्या वेगवेगळ्या पिळल्या. मग लुंगीचा सोगा.

मी आत गेले आणि पेटीच्या तळातली जाड गोधडी काढून आणली.

"पुन्हा जाल तेव्हा ही पांघरून जा. त्या कोटात मेलं पाणी राहतं तरी किती!"