आपला आज्ञाधारक

मुलगा चौदा तासांनी उठून बाहेरच्या खोलीत आला, तर त्याचा फोन बाबांच्या हातात.

"तुझं काम करून टाकलंय," बाबा म्हणाले. चेहरा असा, जणू कुठलं मोठं लग्न जमवून आलेत.

"फोन उघडलात कसा?"

"तू झोपला होतास. तुझाच अंगठा टेकवला त्याच्यावर."

मुलाने फोन हिसकावून घेतला. काल सकाळीच त्याने साहेबांना राजीनामा पाठवला होता. तीन वर्षं रविवार म्हणून पाहिला नाही, जेवताना हात थरथरायला लागले, तेव्हा कुठे पाठवला. आता त्याखाली त्याच्याच नावाने मजकूर होता: 'माननीय साहेब, रागाच्या भरात दिलेला राजीनामा कृपया रद्द समजावा. माझी प्रकृती ठणठणीत आहे. आपला आज्ञाधारक.' बाबांनी जन्मभर हेडक्लार्की केलेली, अर्जात एक काना इकडचा तिकडे व्हायचा नाही. आणि साहेब तर टपूनच बसले होते. दोन मिनिटांत उत्तर: 'छान. सोमवारी आठला मीटिंग.'

मुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाला विचारून केलंत हे?"

"त्यात विचारायचं काय? पस्तिशीच्या आत साहेबाच्या शेजारची खुर्ची मिळाली तुला. मला रिटायर होईपर्यंत मिळाली नाही. आणि तू तिला लाथ मारतोस. आम्ही काय थकत नव्हतो?"

"साडेपाचला घरी असायचात तुम्ही, बाबा. रोज."

बाबा जरा चपापले. मग म्हणाले, "मी आधी तुला उठवायलाच आलो होतो. गदागदा हलवलं. हूं नाही की चूं नाही. मेल्यासारखा पडला होतास."

"आणि ते बघून लिहिलंत, प्रकृती ठणठणीत."

मुलगा तिथेच उभ्या उभ्या टाइप करू लागला. रागाने बोटं धड पडत नव्हती. 'वरचा मजकूर माझ्या वडिलांचा. माझा राजीनामा कायम.' पाठवून त्याने फोन बाबांसमोर धरला, नीट वाचून होईपर्यंत धरून ठेवला.

"चारचौघांत कुणी विचारलं, मुलगा काय करतो," बाबांचा आवाज चिरकला, "तर काय सांगू मी?"

"झोपतो म्हणून सांगा," तो म्हणाला, आणि खोलीत जाऊन त्याने आतून कडी लावली.